वरची बांगडी

शिरपूर, १२ जानेवारी १९३८, बुधवार

मागल्या तपासणीत साहेब म्हणून गेले की शिक्षकाने रोजची टिपणे ठेवावीत, त्याने विचाराला शिस्त लागते. माझ्या विचाराला आता कसलीच शिस्त लागणार नाही असे हिचे मत आहे. तरी लिहून पाहतो.

आज दोन गोष्टी घडल्या. सकाळी वाशीमच्या एका इंग्रजी शाळेचे पत्रक आले. यंदा आसपासच्या खेड्यांतून चौथीची चार मुले निवडून घेणार आहेत. फी माफ, वसतिगृहात राहणे-जेवणे माफ. परीक्षा फक्त गणिताची, एप्रिलात, एक कागद लेखी आणि मग तोंडी हिशेब. आमच्या शाळेतून आजवर कोणी कुठे निवडले गेलेले नाही. पोरे चौथी होतात आणि वखराच्या मागे लागतात. पत्रक वाचून खिशात घातले आणि विसरलो.

दुपारी संक्रांतीच्या बांगड्या भरायच्या म्हणून हिने मला देवळाजवळच्या जमशेद मनियाराच्या दुकानी ओढत नेले. बायांची ही गर्दी. दिवाळीतल्या तापापासून जमशेदचा हात कापतो, त्यामुळे बांगड्या भरायला बसला होता त्याचा मुलगा फय्याज. हा माझ्या चौथीत आहे. भिंतीला टेकून बसतो आणि पाढे चालू असताना डोळे मिटतो. मला आजपर्यंत वाटे की झोपतो.

तिथेही डोळे मिटूनच बसला होता. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचे हाड हळूच दाबायचे आणि काचेची बांगडी अशी सरकवायची की बाईला कळूही नये. मध्येच कोणी विचारी, माझे किती झाले, आणि हा डोळे न उघडता सांगे. मला राहवेना. म्हटले, "फय्याज, सोळाची औटकी?"

"छप्पन जी."

"एकोणीसची पाऊणकी?"

"सव्वाचौदा. मास्तरीणबाई, हात ढिला सोडा."

साडेतीनपटीचा आणि पाऊणपटीचा पाढा मोठी माणसेही बोटे मोजत म्हणतात. हिच्या दोन्ही हातांत आठ-आठ भरून झाल्या आणि शेवटी त्याने डाव्या हातात आणखी एक चढवली. ती वरची. तिचे पैसे नसतात. आमच्याकडे मनियार प्रत्येक बाईला ती देतो, आणि ती घेतल्याशिवाय बाई उठत नाही. मग हिने बांगड्यांना हात लावून त्या दहा वर्षांच्या पोराला नमस्कार केला, जसा मनियाराला करतात तसा. पोरगा मोठ्या माणसासारखा मान हलवून म्हणाला, "सुखी राहा." मला हसू आवरेना. येताना पत्रक पुन्हा काढून वाचले.

१६ जानेवारी

जमशेदच्या घरी गेलो. त्याची बायको अख्तरी दाराआडून बोलते, पण बोलते स्पष्ट.

"मास्तरसाब, ह्यायचा हात कापते. पोट्ट्याचा हात गेला तं दुकान कोन चालवन?"

जमशेदने आपला हात उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "माहा हात गेला म्हून त्याचा बांधून ठेवू काय?"

आत भांडे आपटल्याचा आवाज झाला. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात अख्तरी म्हणाली, "न्या. पन एक सांगते. जसा देऊन राह्यली, तसाच वापस पाह्यजे मले."

बायकांचे बोलणे. शिकायला पाठवायचे आणि आहे तसाच परत हवा! मी बरे म्हटले आणि सटकलो.

१८ जानेवारी

बातमी गावभर झाली. उकंडराव पाटील स्वतः शाळेत आले, मागे त्यांचा जगदेव. जगदेव चौथीतला सर्वांत उंच मुलगा. मनाने गाय आणि अपूर्णांकांत दगड. "मास्तर, मनियाराचं पोट्टं जाते तं माह्यं काहून नाई?" असे उकंडराव म्हणाले. मी म्हटले, परीक्षा आहे, बसेल. जगदेवने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याला खाटकाच्या हवाली करतो आहे. तर दोघे झाले. शाळा सुटल्यावर आमच्या ओसरीवर शिकवणी.

ही विचारते, रोज किती वेळ? म्हटले, दिवेलागणीच्या आत सोडीन. घरात शांतता हवी असते मला. लग्नाला अठरा वर्षे झाली, आम्ही दोघेच आहोत, शांततेची सवय आहे.

३ फेब्रुवारी

आज डोके फिरले. मुद्दाम सोपे उदाहरण घातले, फय्याजला आवडेल असे: मनियाराजवळ शंभर बांगड्या, नऊ बायांनी सहा-सहा भरल्या, शिल्लक किती?

फय्याज म्हणाला सदतीस. मला वाटले घाईत चुकला. जगदेवच्या पाटीवर पाहतो तर सदतीस! जगदेवने आयुष्यात प्रथमच पाटीवर एका झटक्यात उत्तर लिहिले होते. मी म्हटले, तू याचे पाहून लिहिलेस.

"नाई जी, आईच्यान. नऊ बाया हायेत ना, नऊ वरच्या गेल्या."

"उदाहरणात वरची कुठे आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. फय्याज अगदी समजुतीने, मीच चौथीत असल्यासारखा, म्हणाला, "मास्तर, ते लिहित नसतात. ते द्याचीच असते."

सेहेचाळीस, सेहेचाळीस, सेहेचाळीस असे तीन वेळा ओरडून सांगितले. ही आतून बाहेर आली आणि म्हणाली, "काहून वरडता? बरोबर तं सांगून राह्यले लेकरं."

८ फेब्रुवारी

रोग बांगड्यांपुरता नाही. हलवाई लाडू विकतो, तेव्हा फय्याज प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक लाडू जास्त वजा करतो. गवळी दूध मापतो, त्याला हा वर थोडे घालायला लावतो. पाढे तोंडपाठ, भागाकार लख्ख, आणि उत्तर चूक! दुसऱ्या पोराचे असे झाले असते तर मी सोडून दिले असते. याचे सोडवत नाही. याला त्या चारांत बसवायचेच. हे मी शाळेच्या नावासाठी म्हणतो आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

१९ फेब्रुवारी

शाईचा दिवस. पाटीवर शिकलेल्या पोरांना परीक्षेत कागदावर टाक चालवायचा आहे, म्हणून पदरचे कागद आणले. जगदेवचे उत्तर चुकले. त्याने अंगठ्याला थुंकी लावून पाटीसारखा कागद पुसला. भोक पडले. भोकातून तो माझ्याकडे पाहत राहिला. मी रागावणार होतो, पण फय्याजला हसू फुटले आणि मग मलाही. ही बाहेर येऊन म्हणाली, इतक्या दिवसांत तुमी असे हासलेच नाई. उगाच काहीतरी बोलते.

६ मार्च

सकाळची शाळा सुरू झाली. दुपारभर शिकवणी घेतो, बाहेर ऊन मरणाचे आहे आणि ओसरीला पडदा बांधला आहे. पडदा हिने बांधला. ही मुलांना फुटाणे-गूळ देते. दोन-दोन मुठी ठरवल्या आहेत, आणि दिल्यावर मागून अर्धी मूठ पुन्हा टाकतेच. या घरात हिशेब शिकवणे सोपे नाही.

फय्याजसाठी उपाय काढला. जितक्या वेळा वरची देईल तितकी उदाहरणे पुन्हा पहिल्यापासून. उत्तर लिहिण्याआधी मोठ्याने म्हणायचे, "सांगितलं तेवढंच." आज त्याने ते पुष्कळदा म्हटले. शेवटी डोळ्यांत पाणी आले, पण पाटी खाली ठेवली नाही. हट्टी आहे. रोज वीस उदाहरणे घालायचे ठरवले आहे. वीस झाली की मी आणखी एक घालतो, हात बसावा म्हणून.

१४ मार्च

ही आज माझ्याशी बोलत नाही. काल म्हणाली, "त्याले काहून रडवता? चुकून तं राह्यला द्याले. घ्याले तं नाई."

तिला परीक्षा म्हणजे काय ते माहीत नाही. कागद तपासणारा शिरपूरचा नसतो. त्याला काय सांगू, की आमच्याकडे अशी रीत आहे?

२७ मार्च

जमले! आज तीस उदाहरणे घातली, त्यांत मनियार, हलवाई, गवळी, बागवान सगळे. फय्याजने एकदाही वरचे दिले नाही. तिसावे झाल्यावर मी त्याची पाठ थोपटली आणि त्याला माझा टाक दिला, परीक्षेत हाच वापर म्हणून. त्याने तो न पाहताच पाटीजवळ ठेवला. थकला असेल.

जगदेवने मात्र हलवायाच्या दुकानातून अकरा लाडू फुकट वाटले.

११ एप्रिल, वाशीम

उकंडरावांच्या दमणीने काल पहाटे मालेगावपर्यंत आणि तिथून मोटारीने इथे. उकंडराव सारा रस्ताभर जगदेवला पाढे विचारत होते, स्वतःला येत नसताना. जगदेव बैलांकडे पाहून उत्तरे देत होता.

आज परीक्षा. शंभरावर मुले असतील, बरीच बूट घातलेली. आमच्या दोघांना आत सोडले तेव्हा फय्याजने दाराशी थांबून मागे पाहिले. मी हाताने जा जा केले. मग झाडाखाली बसून राहिलो. उकंडराव म्हणाले, "मास्तर, तुमचे हात कापून राह्यले, त्या जमशेदवानी." उन्हाचे असेल.

लेखी आणि तोंडी दोन्ही आटोपून जगदेव आधी बाहेर आला, धावत. "मास्तर, बांगड्याचा आला! बांगड्याचा!"

उदाहरण असे: कासाराजवळ दीडशे बांगड्या, बारा बायांनी आठ-आठ भरल्या, शिल्लक किती? मी विचारले, तू काय लिहिलेस?

"बेचाळीस."

"अरे, वरची धरलीस?"

"बारा बाया हायेत जी. नाई देल्ली तं त्या उठतीन काय?"

मी कपाळावर हात मारला. उकंडरावांनी विचारले, काय झाले? मी सांगितले. ते थोडे विचार करून म्हणाले, "मंग बरोबरच तं हाय."

फय्याज सर्वांत शेवटी आला. मला विचारायचे धैर्य होईना. त्यानेच सांगितले, "चोपन्न."

मी त्याला रस्त्यावरच उचलून घेतले. दहा वर्षांचा घोडा, माझी कंबर आता दुखते आहे. खाली ठेवल्यावर तो म्हणाला, "मास्तर, त्या बारा बायाईले वरची नाई भेटली."

"वेड्या, त्या बाया खऱ्या आहेत का?"

त्याला आणि जगदेवला जिलबी खाऊ घातली. फय्याजने अर्धी हिच्यासाठी कागदात बांधून घेतली.

९ मे

निकाल आला. चार मुलांत तिसरा: फय्याज वल्द जमशेद, शिरपूर. मी ते वर्गात मोठ्याने वाचले, मग रिकाम्या वर्गात पुन्हा एकदा वाचले.

जगदेव नाही. तो इतका खूश झाला की फय्याजला खांद्यावर घेऊन मनियाराच्या दुकानापर्यंत नाचत गेला. उकंडरावांना वाईट वाटले, पण संध्याकाळी म्हणाले, जाऊ द्या, एकाने शिकावे आणि एकाने पेरावे. जमशेद माझे दोन्ही हात धरून नुसता उभा राहिला. आता दोघांचेही हात कापत होते. ते मी इथे लिहितो कारण लपवण्यासारखे काही नाही.

हिने साखर वाटली आणि मग स्वयंपाकघरात बराच वेळ राहिली. डोळे लाल होते. चूल फार धूर करते, बदलायला हवी.

२१ मे

आज अख्तरी घरी आली, भर दुपारी, चार लोकांसमोरून. अशी ती कधी येत नाही. हिच्याजवळ खाली बसली आणि माझ्याकडे न पाहता बोलली.

लग्नसराई आहे. काल किन्हीराजाची एक नवरी बांगड्या भरायला आली होती, सोबत मामी, मावशी. फय्याजने भरल्या. सुबक भरल्या, एकही फुटली नाही. शेवटची चढवली आणि म्हणाला, "झालं." नवरी हात पुढे करून बसूनच राहिली. हा पुन्हा म्हणाला, "झालं, सांगितल्या तेवढ्या झाल्या." मामी खवळली, नवरी रडायला लागली. लग्नाला उभ्या राहणाऱ्या पोरीला मनियाराने वरची दिली नाही म्हणजे काय! जमशेदने कापत्या हाताने एक चढवायला घेतली, ती नवरीच्या हातावरच फुटली.

"मास्तरसाब," अख्तरी म्हणाली, "मी जसा देल्ला तसा वापस मांगला होता."

मी म्हणालो, "अहो, तो अजून गेलाही नाही."

"गेला जी," ती म्हणाली आणि उठली.

ही तिला पोचवायला गेली ती लवकर परतली नाही. मी ओसरीवर बसलो होतो. मला फार वाईट वाटते आहे, आणि कशाचे ते नीट लिहिता येत नाही. मी मुलाला खोटे काही शिकवले नाही. चोपन्नच बरोबर आहे. चोपन्नच बरोबर आहे हे मी कुणालाही पटवून देईन, फक्त अख्तरीला देऊ शकलो नाही.

२२ मे

दुकानात गेलो. फय्याज काचेचे तुकडे वेचत होता. जवळ बसवून सांगितले, की बेटा, ते कागदापुरते होते. कागदावर द्यायची नाही, दुकानात द्यायची.

त्याने विचार केला. "लाडवाची?"

"दुकानात द्यायची."

"वाशीमले वसतिगृहात कोनी मांगतलं काही, तं?"

"तिथे..." मी म्हणालो आणि अडलो.

"मंग कुठी द्याची अन् कुठी नाई, हे कसं समजाव जी?"

असा प्रश्न कोणत्याही पुस्तकात नाही. मी म्हटले, उद्या सांगतो. तोंडी हिशेबात असले उत्तर मी कोणत्याही मुलाचे चालवून घेतले नसते.

३ जून

अजून सांगितलेले नाही. हिला विचारले. ती म्हणाली, "तुमालेच ठाऊक नाई तं त्याले काय सांगसान?" आणि हसली. मग म्हणाली, जायच्या आधी त्याला घरी पाठवा, माझ्या बांगड्या भरायच्या आहेत. म्हटले, संक्रांतीच्या आहेत की हातात. तर म्हणाली, त्या जुन्या झाल्या.

१२ जून, रविवार

उद्या फय्याज जाणार. जमशेद पोचवायला जातो आहे, मालेगावपर्यंत उकंडरावांची दमणी आणि हाकायला जगदेव.

दुपारी तो टोपली घेऊन आला. मी दाराआड आतल्या खोलीत वाचायला बसलो, म्हणजे वर्तमानपत्र हातात धरले. हिने हिरव्या निवडल्या. ओसरीवर तोच पडदा, शिकवणीची तीच घोंगडी, तेच फुटाणे मध्ये ठेवलेले. त्याने डोळे मिटले, हिचा हात हातात घेतला. इतका वेळ लावला की मला वाटले हा मुद्दाम सावकाश भरतो आहे. हीसुद्धा म्हणत नव्हती की आटप.

उजव्यात आठ. डाव्यात आठ. तो थांबला.

ही डावा हात तसाच पुढे ठेवून बसली. फय्याजने डोळे उघडले, टोपलीकडे पाहिले, आणि मग दाराच्या फटीतून सरळ माझ्याकडे. मी वर्तमानपत्र खाली केले.

"मास्तर," तो म्हणाला, "मास्तरीणबाई खऱ्या हायेत ना जी?"

मी मान हलवली. किती वेळ हलवत होतो कोण जाणे.

त्याने टोपलीतून एक निवडली, उजेडात धरून पाहिली, ती ठेवून दुसरी घेतली, आणि अलगद चढवली. हिने बांगड्यांना हात लावून त्याला नमस्कार केला. या वेळी तो मोठ्या माणसासारखा "सुखी राहा" म्हणू शकला नाही. हिच्या मांडीवर डोके ठेवून रडला. हीही रडली, आणि चूल पेटलेली नव्हती.

१३ जून

पहाटे गेला. ही त्याला वाटेसाठी भाकरी देत होती, दोन-दोनदा दिल्या. अख्तरी दारात आली आणि प्रथमच माझ्याशी समोर उभी राहून बोलली. "काल मले बी भरून देल्ल्या त्यानं," असे म्हणून तिने पदराखालून डावा हात थोडा बाहेर काढला आणि परत झाकला.

जगदेवने दमणी जोरात हाकली, म्हणजे फय्याजला मागे वळून पाहायला वेळ मिळू नये. तरी त्याने पाहिले.

दुपारी सवयीने ओसरीवर बसलो. पडदा बांधलेलाच होता. ही फुटाणे घेऊन आली, मग तिच्या लक्षात आले, आणि ती तशीच माझ्याजवळ बसली. आम्ही दोघांनी ते खाल्ले. तिच्या डाव्या हातात नऊ आहेत. मी दोनदा मोजल्या.